वाडी नाक्यावर उतरणारी माणसं

२०२४ च्या वसुबारसेला पहाटे पाच वाजता मी नागपूरजवळच्या वाडी नाक्यावर उभी होते. माझं कुणी येणार नव्हतं. पुण्याहून येणाऱ्या गाड्यांतून कोण उतरतं आणि ती माणसं सोबत काय घेऊन येतात, ते मला पाहायचं होतं. समृद्धी महामार्गाने धावणाऱ्या ट्रॅव्हल्स आता शिवमडक्याला उतरून परस्पर नागपुरात शिरतात. पण अमरावतीची माणसं उतरवत जुन्या रस्त्याने येणाऱ्या गाड्यांचा पहिला थांबा अजूनही वाडीच.

चना-पोह्याच्या ठेल्यावर तर्रीचं पातेलं नुकतंच चढलं होतं. रस्त्याच्या कडेला आंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग, त्यांच्यावर ताडपत्री, आणि ताडपत्रीखाली झोपलेला विक्रेता. खडगाव रोडकडे वळणाऱ्या ट्रकांची रांग लागलेली. दिवाळीआधीच्या पंधरवड्यात इथली गोडाऊनं रात्रीही बंद होत नाहीत.

सव्वापाचला एक गाडी थांबली. सात जण उतरले. सहा जणांच्या हातात सणाला येणाऱ्या माणसाचं सामान होतं, म्हणजे पाठीवर एक सॅक आणि हातात मिठाईची पिशवी. सातव्याकडे मात्र दोन मोठ्या ट्रॉली बॅगा होत्या, इतक्या गच्च की क्लीनरला त्या डिकीतून ओढून काढाव्या लागल्या.

“लय सामान आणलं, भाऊ,” ठेलेवाला म्हणाला.

“दर खेपेला थोडं थोडं आणून राह्यलो,” तो म्हणाला. “पुस्तकं आली, थंडीचे कपडे आले. आता भांडे अन् गादी राह्यली.”

मी ज्याच्या शोधात होते, तो माणूस हाच, हे मला त्या वाक्याने कळलं. नोकरी मिळायच्या आधीच सामान घरी पोचवणारा. वय एकतीस. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नऊ वर्षं. वडील अंबाझरी आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले, आईवडील इथेच वाडीतल्या दत्तवाडीत, बहीण लग्न होऊन हैदराबादला. नुकत्याच सरलेल्या पावसाळ्यात वडील रात्री न्हाणीघरात पडले. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, टाके घातले, घरी आणून सोडलं. याला कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी. आईने सांगितलंच नव्हतं. “तुझी रात्रीची शिफ्ट होती ना,” एवढंच ती म्हणाली.

सॅकमध्ये त्याच्या बायोडेटाच्या पंधरा प्रती होत्या. लक्ष्मीपूजनाच्या आधी कामाचे तीन दिवस हातात होते. त्या तीन दिवसांत त्याला नागपुरात, शक्यतो वाडीच्या आसपास, नोकरी शोधायची होती. घरी सांगितलेलं नव्हतं. मी बरोबर फिरू का, असं विचारल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “ताई, नाव मात्र नका लिहू. पुण्यात समजलं तर अप्रेझल जाते.”

मला तो इतक्या लवकर उमगला, कारण त्याच्या सात वर्षं आधी याच नाक्यावर मी अशीच उतरले होते.

माझे वडील भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. आयटीआयमधून टर्नरचा ट्रेड केला, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातलं, दर वर्षी कार्ड नूतनीकरण करून आणलं, आणि १९७४ मध्ये पोस्टाने कॉल लेटर आलं. पत्त्यात ‘अंबाझरी’ होतं. त्यांनी ते नाव तोवर ऐकलेलंही नव्हतं. एक ट्रंक घेऊन ते आले आणि वाडीचे झाले. १९६२ च्या चीनयुद्धानंतर देशाने शस्त्रास्त्रांची उत्पादनक्षमता वाढवायला घेतली, त्यातून साठच्या दशकात हा कारखाना नागपूरच्या पश्चिमेला उभा राहिला. त्याच्या भोंग्यावर आमच्या घरातलं घड्याळ लावलं जायचं. आमच्या क्वार्टरच्या रांगेत बालाघाटचं एक कुटुंब होतं, छिंदवाड्याचं एक, एक बंगाली, एक मल्याळी, आणि कोपऱ्यावर कानपूरहून बदलून आलेले एक काका. वाडीत मूळचा वाडीचा माणूस शोधावा लागतो. नोकरी जिथे, तिथे गाव, हा त्या सगळ्यांचा क्रम होता. आधी नोकरी लागायची, मग गाव ठरायचं.

मला तो क्रम उलटा करायचा होता. आधी गाव ठरलेलं, नोकरी नंतर. आणि नोकरी देणाऱ्या साऱ्या व्यवस्थेला हा उलटा क्रम समजतच नाही, हे मला ती शोधायला लागल्यावर कळलं.

मी कॉमर्सची. पुण्यात अकरा वर्षं लेखा विभागात काढली. आई गेल्यावर वडील एकटे पडले आणि २०१७ च्या दिवाळीत मी चार दिवस बायोडेटा घेऊन हिंडले. एका ठिकाणी मुलाखत चांगली चालली होती. शेवटी समोरच्या गृहस्थांनी विचारलं, “मग तिकडे काय झालं?”

“काही नाही झालं,” मी म्हटलं. “वडील एकटे आहेत, म्हणून येतेय.”

“म्हणजे वडिलांचं काही झालं की तुम्ही परत जाणार.”

त्यांनी ते वाईट मनाने म्हटलं नव्हतं. हिशेब केला होता, इतकंच. पण त्या खोलीतून उठून बाहेर येताना माझे पाय लटपटत होते, हे मला आजही आठवतं. परत येणाऱ्या माणसाला दोनच गोष्टी विचारल्या जातात. तिकडे काय बिघडलं, आणि इथून कधी जाणार. त्याला इथे राहायचं असेल, ही तिसरी शक्यता कुणाच्या मनात येत नाही.

मला नोकरी मिळाली ती कायद्यामुळे. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला होता. वाडीतल्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे, गोडाऊनवाल्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या बिल्टी लिहिणारे मुनीम होते, रोजमेळ ठेवणारे होते, पण दर महिन्याला संगणकावर विवरणपत्र भरणारं माणूस नव्हतं. त्यातच १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल सक्तीचं होणार होतं. वडिलांच्या जुन्या सहकाऱ्याचा भाचा एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होता. त्याच्याकरवी निरोप आला, “ते जीएसटीचं येते का तुम्हाले?” येत होतं. जाहिरात नव्हती, अर्ज नव्हता. मालकांनी एकच विचारलं, “डिफेन्समधल्या त्या टर्नर भाऊंची पोरगी ना?” पुण्यातली अकरा वर्षं तिथे कुणी मोजली नाहीत. वडिलांची चौतीस वर्षं मोजली.

वाडी बाहेरून पाहणाऱ्याला गावासारखी दिसत नाही. जुन्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ वर, आता त्याला ५३ म्हणतात, नागपूर महानगरपालिकेची हद्द संपते तिथे ती सुरू होते आणि आठव्या मैलाकडे, दवलामेटीकडे पसरत जाते. आधी ग्रामपंचायत होती, आता नगर परिषद आहे. महामार्गावर उड्डाणपूल झाला, खाली मात्र ट्रक, ऑटो, शाळेच्या बस आणि हातगाड्या यांची तीच गर्दी. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, त्यात वासुदेवनगरहून दत्तवाडीपर्यंतची मार्गिका आहे. ‘मेट्रो आली की’ या शब्दांनी इथली निम्मी वाक्यं सुरू होतात.

पण या वस्तीचं पोट चालतं गोडाऊनवर, आणि गोडाऊनं इथे का आली हे समजून घेतल्याशिवाय इथली नोकरी कळत नाही. नागपूर शहरात जकात होती. माल शहरात शिरला की पैसे भरा. म्हणून व्यापाऱ्यांनी माल हद्दीबाहेर उतरवून ठेवायला सुरुवात केली आणि गरजेपुरताच आत न्यायला. ‘नाका’ हा शब्द त्या काळातला. २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, ऑगस्ट २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी संपला. तेव्हा बरेच जण म्हणत होते की आता वाडीचं काम संपलं. घडलं ते वेगळं. पूर्वी केंद्रीय विक्रीकर वाचवायला कंपन्या प्रत्येक राज्यात छोटं गोडाऊन ठेवायच्या. जीएसटीनंतर ती गरज राहिली नाही. मग दहा छोट्यांऐवजी एक मोठं ठेवायचं तर कुठे? जिथून चारही दिशांना सारखंच अंतर पडतं तिथे. नागपूरचा झिरो माईल शाळेच्या सहलीत दाखवतात. त्या दगडाचा खरा अर्थ खडगाव रोडवर, लाव्ह्याकडे जाणाऱ्या पत्र्याच्या लांबलचक शेडांमध्ये दिसतो. दिल्लीचा माल, चेन्नईचा माल, सुरतेचा, कोलकात्याचा, सगळा इथे उतरतो, फुटतो आणि पुढे जातो.

एवढा माल हलतो म्हटल्यावर कामही असणारच, आणि ते आहेच. हमाल आहेत, ज्यांच्यासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्येच माथाडी कायदा केला. धर्मकाट्यावर बसणारे आहेत, बुकिंगवाले आहेत, गाडी भरून देणारे दलाल आहेत. डिस्पॅच सांभाळणारे, स्टॉक मोजणारे, बारकोडची मशीन चालवणारे आहेत. अलीकडे तर गोडाऊनचं सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूसही लागतो. अडचण एवढीच की या नोकऱ्यांना पुण्यात शिकलेली नावं नाहीत. आणि त्या कुठे छापून येत नाहीत.

आमच्या वसुबारसेच्या मुलाने पहिला दिवस मोबाइलवरच्या नोकरीच्या ॲपमध्ये घालवला. ठिकाण म्हणून नागपूर निवडलं की परसोडीच्या आयटी पार्कातल्या, मिहानमधल्या टीसीएस, एचसीएल, इन्फोसिसच्या जागा दिसायच्या. त्या होत्या खऱ्याच, पण त्याच्या अनुभवाच्या जागा थोड्या आणि त्यांवर डोळा ठेवून बसलेली विदर्भातली पोरं पुण्यात, बंगळुरूत, हैदराबादेत हजारोंनी. शिवाय काही जागांवर ठिकाण नागपूर आणि खाली बारीक अक्षरात ‘रुजू होताना पुणे’. हा प्रकार मी २०१७ पासून पाहते आहे आणि दर वेळी मला राग येतो. माणूस घरी यायची आस लावून क्लिक करतो. त्याची थोडी जाणीव ठेवायला हवी.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाहेर पडलो. आधी आयटी पार्क. तिथल्या खाण्याच्या ठेल्यांच्या गल्लीत त्याचा कॉलेजचा मित्र भेटला. त्याने बायोडेटा घेतला, ‘अंतर्गत पाठवतो’ म्हणाला, आणि मग हलक्या आवाजात विचारलं, “पगार किती कमी चालन तुले?” या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं लागतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने पुण्यातला पगार सांगितला. मित्र गप्प झाला.

दुपारी आम्ही खडगाव रोडला गेलो. माझ्या ओळखीचे एक गोडाऊनमालक आहेत, साठीचे, वडिलांच्या काळातल्या दोन ट्रकांपासून सुरुवात केलेले. त्यांना माल ठेवण्या-काढण्याच्या सॉफ्टवेअरवर लक्ष ठेवणारा माणूस हवा होता. त्यांनी बायोडेटा उलटासुलटा करून पाहिला आणि बाजूला ठेवला.

“हे टेस्टिंग म्हणजे काय करता तुम्ही?”

तो समजावू लागला. त्यांनी हात वर केला. “मले एवढं सांगा, रात्री दोन वाजता गाडी उभी हाय, मशीन म्हणते माल नाई, अन् माल तर डोळ्यासमोर दिसून राह्यला. तुम्ही काय करान?”

तो विचारात पडला. मग म्हणाला, “पहिले गाडी सोडीन. कागदावर लिहून, सही घेऊन. मशीन सकाळी पाहीन.”

मालक पहिल्यांदा हसले. चहा मागवला. पण मग तो प्रश्न आलाच. “तुम्ही टिकान काय? मागच्या साली पुण्याचे दोन पोट्टे ठेवले. आठ महिने शिकवलं. एक बंगळुरूला गेला, दुसरा परत पुण्यात. मी शिकवतो अन् ते पॅकेज घेऊन जातात. मले शिकलेला माणूस पाह्यजे, पण पळणारा नाई.”

मला त्यांचीही बाजू खरी वाटते. लहान धंद्यात एक माणूस म्हणजे एक विभाग असतो. तो गेला की विभाग गेला. मोठ्या कंपनीला एका टेस्टरच्या जाण्याने ओरखडा उठत नाही. इथे रात्री दोनला गाडी उभी राहते. परतणाऱ्यांवर अविश्वास येतो तो या अनुभवातून. आणि तो अविश्वास पुढच्याला भोगावा लागतो, ज्याने काहीच केलेलं नसतं.

“कधीपासून येता?” मालकांनी विचारलं.

“नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड आहे,” तो म्हणाला.

“सोमवारपासून नाई जमत?”

इथे गाडी अडली. बऱ्याच आयटी कंपन्यांत राजीनामा दिल्यावर तीन महिने थांबावं लागतं. खडगाव रोडवर तीन महिने कुणी थांबत नाही, कारण इथे जागा रिकामी होते तीच मुळी काल रात्री कुणी सोडून गेलेलं असतं म्हणून. मोठ्या शहरातली नोकरी आधी सोडून यावी तर हातात काही नाही, न सोडता यावी तर इथलं कुणी थांबत नाही. मी ज्या ज्या परतणाऱ्यांशी बोलले त्यांतल्या बहुतेकांची गाठ या तीन महिन्यांवर येऊन बसली होती. पगाराचा प्रश्न माणूस रात्री कॅल्क्युलेटर घेऊन सोडवू शकतो. या तारखांचं गणित एकट्याने सुटत नाही.

मोठ्या शहरातून लहान गावी येणं म्हणजे उतरण, ही समजूत नागपूरच्या बाबतीत तरी इतिहासाला धरून नाही. जमशेदजी टाटांनी पहिली मोठी गिरणी मुंबईत नाही काढली. कापूस जिथे पिकतो आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ, तिथे ते आले. १८७४ मध्ये कंपनीची नोंदणी झाली आणि १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबईच्या शहाण्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं, असं सांगतात. मला त्यातलं जास्त भावतं ते बेझनजी दादाभाई मेहता यांचं उदाहरण. टाटांनी गिरणी त्यांच्या हाती सोपवली तेव्हा ते रेल्वेच्या मालवाहतुकीत होते. कापड गिरणीचा अनुभव शून्य. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी नागपुरात एका माणसाला नवी नोकरी देताना त्याने आधी काय केलं यापेक्षा तो काय करू शकेल हे पाहिलं गेलं होतं. त्याच गिरणीत १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला. २००२ मध्ये ती कायमची बंद झाली, आणि नागपूरच्या कितीतरी घरांतली पुढची पिढी पुण्याच्या गाडीत बसली.

तसं पाहिलं तर या प्रांताला नोकऱ्यांचं वचन फार जुनं आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात सरकारी नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात देण्याचं कलम होतं. संविधानाच्या कलम ३७१ (२) नुसार विदर्भासह महाराष्ट्राच्या विभागांतल्या सरकारी नोकरीच्या पुरेशा संधींबद्दल राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकता येते. कलमं कागदावर आहेत. आणि २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, हेही कागदावर आहे. तलाठ्याची नोकरी म्हणजे आपल्या जिल्ह्यात, आपल्या माणसांत राहून करायची नोकरी. त्या दहा लाखांतले किती जण पगारासाठी अर्ज करत होते आणि किती जण गावासाठी, हे कुणी विचारलेलं नाही. मला विचाराल तर दुसरा आकडा लहान नसेल.

माझ्या वडिलांचा कारखानाही आता सरकारी खातं राहिलेला नाही. १ ऑक्टोबर २०२१ ला देशातल्या ४१ आयुध निर्माणी सात कंपन्यांत विभागल्या गेल्या. त्यांतल्या यंत्र इंडिया लिमिटेडचं मुख्यालय नागपुरातच आहे. अ‍ॅप्रेंटिसच्या जाहिराती निघतात, पोरं ट्रेड शिकून बाहेर पडतात, आणि शिकलेला ट्रेड घेऊन बहुतेक जण चाकणचा रस्ता धरतात. वडिलांना कॉल लेटर आलं तेव्हा त्याचा अर्थ ‘आयुष्यभर’ असा होता. आता पत्रावर मुदत लिहिलेली असते.

परत आलेल्या सगळ्यांचं जमतं असं मात्र नाही. लाव्ह्याजवळ फ्लॅट घेऊन राहिलेलं एक जोडपं मला माहीत आहे. तो ग्राफिक डिझायनर, त्याला काम मिळालं, थोडं इथलं, बरंचसं घरून. बायको पुण्यात एका मोठ्या इस्पितळात आयसीयूत नर्स होती. इथे तिला मिळत होता निम्म्याहून कमी पगार आणि बारा तासांची ड्यूटी. एम्समधल्या जागा अखिल भारतीय परीक्षेतून भरतात. तिने परीक्षा दिली, थोडक्यात हुकली. चौदा महिन्यांनी ते पुण्याला परतले. कॉलनीत लोक म्हणाले, “टिकले नाई.” मला ते बोलणं लागलं. एका घरात दोन माणसं कमावती असतात. परतायचं तर दोन नोकऱ्या शोधाव्या लागतात, आणि लहान गावात एक सापडली की बाकीच्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटलेला असतो. दुसरी बहुधा बायकोची असते. तिने ती सोडून द्यावी हे इतकं सहज धरलेलं असतं की कुणी मोठ्याने बोलतही नाही. त्या मुलीने दोन वर्षं व्हेंटिलेटरवरची माणसं वाचवली होती, करोनाच्या पहिल्या दोन लाटांत. तिला वाडीत काम नसावं, हे वाडीचं नुकसान आहे.

उलट आठव्या मैलाजवळ एक बाई भेटल्या. चिंचवडला स्पेअर पार्टच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायच्या, नवरा वारल्यावर सासरी परतल्या. पहिल्याच आठवड्यात शेजारणीने एका गोडाऊनमध्ये नेलं. त्या तिथल्या रॅकमध्ये हिंडल्या आणि मालकाला म्हणाल्या, “जुना माल मागे ढकलून राह्यले तुम्ही. पहिले आलेला पहिले निघाला पाह्यजे.” त्याच दिवशी कामाला लागल्या. आता त्यांच्या हाताखाली अकरा जण आहेत. “पुण्यात मले कोणी विचारलं नाई काही,” त्या म्हणाल्या. “इथे मॅनेजर येऊन इचारते, बाई, हे कुठी ठेवू?” सांगताना त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्यांचा अभिमान लपत नव्हता आणि लपायची गरजही नव्हती.

या दोन घरांमध्ये फरक कशाचा, यावर मी बराच विचार केला आहे. नर्सचं कसब कागदाने सिद्ध करावं लागतं, परीक्षेने, रांगेने. स्टोअरवाल्या बाईंचं कसब पाच मिनिटांत डोळ्यांना दिसलं, आणि त्यांना तिथपर्यंत हाताला धरून नेणारी शेजारीण होती. परतणाऱ्याकडे नेमकी तीच नसते. दहा-बारा वर्षं बाहेर राहिल्यावर आपला शेजार कुठला उरतो? लहान गावात नोकरी ओळखीवर मिळते हे सगळेच सांगतात. गाव सोडताना सगळ्यात आधी तीच ओळख आपण मागे टाकलेली असते, हे कुणी सांगत नाही. म्हणून जे परतायचं म्हणतात त्यांना मी सांगते, बायोडेटा नंतर करा. आधी गावातल्या दोन लग्नांना या, एका मयतीला या, वडिलांसोबत त्यांच्या पेन्शनवाल्या मित्रांत बसा. हे हिशेबीपणाने सांगत नाही. तुम्ही परत आलात हे गावाला दिसावं लागतं, आणि गावाला दिसायला वेळ लागतो.

आणि मध्ये तो रस्ता आहेच. सातशेहून अधिक किलोमीटर. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला अपघात झाला, आग लागली आणि २५ जण गेले. नोकरीसाठी पहिल्यांदा घर सोडलेली पोरं त्यात होती. त्या दिवशी वाडीत कितीतरी घरांतून पुण्याला एकच फोन जात होता, “तू कुठी हायेस?” आमचा वसुबारसेचा मुलगाही त्याच्या आदल्या आठवड्यात असाच रात्रीच्या गाडीने गेला होता. त्याची आई त्यानंतर दर प्रवासात पहाटेपर्यंत जागते. १० ऑगस्ट २०२५ ला अजनीहून पुण्याला वंदे भारत सुरू झाली, बारा तासांत पोचवते, याचा तिला झालेला आनंद मी पाहिला आहे. पण दिवाळीत त्या गाडीची तिकिटं मिळणं किती अवघड, तेही तिला आता कळलंय.

भाऊबिजेच्या संध्याकाळी, ३ नोव्हेंबरला, मी पुन्हा नाक्यावर गेले. परतीच्या गाड्यांसाठी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. प्रत्येक घोळक्यात एक आई, तिच्या हातात डबा, आणि तोंडात तीच वाक्यं. तो आला. सोबत वडील होते, काठी टेकत, हट्टाने आलेले. घरी त्याने पाडव्याच्या दिवशी सांगून टाकलं होतं. वडिलांनी आधी विचारलं, “माह्यासाठी येऊन राह्यला काय?” तो म्हणाला, “नाई, माह्यासाठी.” त्यावर वडील काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी फॅक्टरीतल्या जुन्या मित्राकडे जाऊन आले. त्या मित्राचा जावई हिंगण्याच्या एमआयडीसीत होता.

खडगाव रोडच्या मालकांचा फोन दुपारी आला होता. तीन महिने थांबणार नाहीत, पण एक महिना थांबतील. पगार त्याने सांगितल्यापेक्षा नऊ हजारांनी कमी. कंपनी महिन्याभरात सोडेल का, त्यासाठी किती पैसे भरावे लागतील, याचा हिशेब त्याने एका पाकिटाच्या मागे मांडला होता. तो हिशेब त्याने मला दाखवला, मग वडिलांना. वडिलांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि एका ठिकाणी बेरीज दुरुस्त करून दिली.

गाडी आली. क्लीनरने डिकी उघडली. त्याच्याकडे एकच ट्रॉली बॅग दिसली, तेव्हा मी दुसरीबद्दल विचारलं.

“तिच्या आतच हाय,” तो म्हणाला. “दोन्ही रिकाम्याच नेऊन राह्यलो. भांडे आणायचे हायेत ना.”